महाराजांच्या धोतरावर व्हाइट बॅलन्स करू नकोस

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका तरुण मित्राचा आहे. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातली कीर्तनं तो तीन कॅमेऱ्यांवर यूट्यूबला लाइव्ह दाखवतो. समोर नवा सोनी मिररलेस, डाव्या अंगाला जुना कॅनन डीएसएलआर आणि गर्दीसाठी आयफोन. त्याने लिहिलंय: "अप्पा, सोनीत महाराज पिवळे, कॅननमध्ये गुलाबी, फोनमध्ये पांढरेफटक. कॅमेरा बदलला की लोक विचारतात, महाराज बदलले का? लटचे दोन पॅक विकत घेतले, फरक पडला नाही. कोणती लट लावू?"

भो, कोणतीच लावू नको.

लट (LUT) म्हणजे रंग बदलायचा एक तक्ता. अमुक इतका लाल, अमुक हिरवा, अमुक निळा आला तर त्याच्या जागी तमुक द्यायचा, एवढंच त्याला ठाऊक. नेहमीची लट तिन्ही बाजूंनी 33 घरांची असते, म्हणजे 35,937 नोंदी. पण आलेला आकडा महाराजांच्या गालावरून आला की मागच्या पडद्यावरून, हे त्या नोंदींना कळत नाही. ज्याने लट बनवली त्याने ती त्याच्या कॅमेऱ्यावर, त्याच्या उजेडात बनवली. तुझ्या तिन्ही कॅमेऱ्यांत काही ना काही ऑटोवर आहे, दर दोन मिनिटांनी ते आपलं आपण चित्र बदलतात. चालत्या बैलाचं माप घेऊन झूल शिवायला बसलास तर ती बसणार कशी?

आधी बैल उभा करू. पण त्याही आधी कॅमेरे वेगळे का दिसतात ते समजून घे, नाहीतर उगाच अशक्य गोष्टीच्या मागे लागशील.

सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची बारीक जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांना या मांडणीचं पेटंट 1976 साली मिळालं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे: चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. मांडणी सगळ्यांची सारखी, पण त्या फिल्टरांतून नेमका कोणता लाल किती झिरपतो हे प्रत्येक कंपनीचं आणि बऱ्याचदा प्रत्येक मॉडेलचं वेगळं. त्यावर कंपनीची स्वतःची आवड. कातडी कशी दिसावी याबद्दल प्रत्येकाचं मत ठरलेलं आहे.

साडीवर ब्लाउजपीस घ्यायला घरच्यांबरोबर जळगावच्या फुले मार्केटला गेला असशीलच. दुकानातल्या ट्यूबखाली तंतोतंत जुळलेलं कापड बाहेर उन्हात आलं की वेगळं पडतं. म्हणून तर दुकानदार स्वतःच म्हणतो, "बाहेर उजेडात नेऊन बघा." डोळ्यांना जे दोन रंग एका उजेडात एकच वाटतात ते दुसऱ्या उजेडात एक राहत नाहीत. कॅमेऱ्यांचंही हेच आहे, फक्त इथे उजेडाबरोबर बघणारा डोळाही बदलतो. सोनीला भगवी पताका आणि कपाळावरचा अष्टगंध एकाच रंगाचे दिसतील, कॅननला दोन वेगळे. तो फरक कोणतंही सॉफ्टवेअर पूर्ण पुसू शकत नाही.

म्हणजे सगळे रंग जुळणार नाहीत, कोणते जुळवायचे ते आपण ठरवायचं. मी चेहरा जुळवतो. चेहऱ्यानंतर पांढरं कापड. पताका, झालर, फुलांच्या माळा थोड्या इकडेतिकडे झाल्या तर होऊ देतो. कीर्तन ऐकणारा माणूस झेंडूचा पिवळा मोजत बसत नाही, पण महाराजांचा गाल बदललेला त्याला एका क्षणात कळतो.

आता मंडप. माझा अनुभव सांगतो, कारण तुझी निम्मी अडचण इथेच असणार असं मला वाटतं.

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातल्या एका गावात सप्ताह होता. रात्रीची कीर्तनं नऊ ते अकरा. पहिल्या दिवशी नीट ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून तिन्ही कॅमेरे जुळवले, सहा रात्री झकास गेल्या. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन सकाळी दहाला. मी आदल्या रात्रीच्याच सेटिंगवर बसलो, म्हटलं फक्त पांढऱ्याचा आकडा बदलू. सुरू झाल्यावर बघतो तर समोरच्या कॅमेऱ्यात महाराज हळद लागल्यासारखे पिवळे, डावीकडच्यात निळसर. मी अर्धा तास दोन्ही कॅमेऱ्यांचे आकडे खालीवर करत राहिलो. एक सुधारला की दुसरा बिघडायचा. सप्ताह समितीतले एक नाना स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अप्पा, आज दोन महाराज उनात (आले) का?"

कॅमेऱ्यांचा दोष नव्हताच. स्टेजच्या वर लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड ताणलेलं होतं. रात्री त्याला काही अर्थ नव्हता, कारण उजेड खालून होता. सकाळी मात्र सूर्य त्या कापडातून गाळून खाली येत होता. डावी बाजू उघडी, तिकडून मोकळ्या आकाशाचा निळसर उजेड. एकाच चेहऱ्याच्या एका गालावर पिवळा उजेड, दुसऱ्यावर निळा, आणि प्रत्येक कॅमेरा आपापल्या वाट्याचा गाल इमानदारीने दाखवत होता. कीर्तन संपल्यावर मंडपवाल्याने ते कापड सोडून पांढरं बांधलं. पंधरा मिनिटांचं काम होतं. महाप्रसादाच्या पंगतीचं चित्रण त्याच तिन्ही कॅमेऱ्यांवर, त्याच सेटिंगवर न भांडता झालं.

तेव्हापासून मी कॅमेऱ्याची बॅग उघडायच्या आधी मंडपवाल्याला चहा पाजतो. स्टेजच्या वर आणि मागे पांढरं किंवा फिकट राखाडी कापड मागून घेतो. भगवं, लाल काय लावायचं ते कमानीला लाव म्हणतो. या एका विनंतीने जेवढा रंग जुळतो तेवढा तुझ्या दोन्ही लट पॅकांनी जन्मात जुळणार नाही.

रात्रीचा उजेड वेगळं प्रकरण आहे. मंडपात जे स्वस्त एलईडी फ्लड लावतात, त्यांच्या आत खरं तर निळा एलईडी असतो, 450 नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. पण त्या पांढऱ्यात गडद लाल फार कमी असतो. माणसाच्या कातडीला जिवंतपणा देतो तो नेमका हाच लाल. तो नसला की चेहरा शेवाळल्यासारखा हिरवट पडतो. एका लग्नात नवरदेवाने माझ्या मॉनिटरमध्ये स्वतःला पाहून विचारलं होतं, "अप्पा, मनं तोंड हिरवं का बरं दिसस?" त्याचं तोंड बरोबर होतं, लाइट चुकीचा होता. आणि असा अर्धवट उजेड प्रत्येक सेन्सर वेगळ्या तऱ्हेने वाचतो. उन्हात छान जुळणारे दोन कॅमेरे या फ्लडखाली भांडायला लागतात ते याच कारणाने.

लाइट घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतील याचा आकडा, लिहिलेला असतो. त्यात एक मेख आहे. तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, आणि गडद लाल, ज्याला आर-9 म्हणतात, त्या आठांत नसतो. म्हणून सीआरआय 80 वाल्या लाइटखालीही चेहरा मेलेला दिसू शकतो. दुकानदाराला आर-9 विचार. त्याला माहीत नसेल तर लाइटखाली आपला तळहात धर, फोनने नाही, डोळ्याने बघ. तळहाताची लाली जिवंत दिसली तर घे. टीएलसीआय लिहिलेलं असलं तर आणखी चांगलं, कारण तो आकडा टीव्ही कॅमेऱ्याच्या नजरेनेच काढलेला असतो.

तुझ्याकडे सध्या पैसे असतील तर कॅमेऱ्यावर घालू नको. सीआरआय 95 च्या वरचे दोन एलईडी पॅनल घे, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांवर, डोक्यापेक्षा थोडे उंच, महाराजांकडे वळवून लाव. मंडपवाल्याचे फ्लड स्टेजवरून काढून गर्दीकडे फिरव. महाराजांच्या गालावर पडणारा उजेड तुझ्या मालकीचा असला पाहिजे, बाकी मंडप कसाही असो.

हल्ली सप्ताहातही स्टेजमागे एलईडी वॉल लावायची टूम निघालीय. तिचा जांभळा-निळा सरळ टाळकऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर सांडतो. तो निळा इतका शुद्ध असतो की एक कॅमेरा त्याला जांभळा दाखवतो, दुसरा आकाशी, आणि दोन्हीत त्याचा तपशील जळून जातो. चालवणाऱ्याला ब्राइटनेस पंचवीस टक्क्यांवर आणायला लाव आणि विठ्ठलाचा गडद तपकिरी पार्श्वभूमीचा फोटो लावायला सांग. ऐकत नसेल तर बाजूच्या कॅमेऱ्याची फ्रेम वळव. तो रंग जुळवायच्या नादाला लागू नको.

आता बैल उभा करायचा. तिन्ही कॅमेऱ्यांचं ऑटो बंद: व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला सांगणं), आयएसओ, शटर, ॲपर्चर, सगळं हाताने. फ्रेम रेट 25, शटर 1/50. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे विजेवरचे साधे लाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 असलं की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. 1/60 ठेवलंस की पट्टे फिरायला लागतात, आणि ट्यूबच्या उजेडात त्या लुकलुकीबरोबर रंगही हलतो. काही कॅमेरे एनटीएससीवर (30 फ्रेमच्या पद्धतीवर) सेट होऊन येतात, मेनूत जाऊन पाल (PAL) म्हणजे 25 च्या पद्धतीवर आण. फोनही 25 वर. एक कॅमेरा 30 वर राहिला तर रंग जुळूनसुद्धा काहीतरी खटकत राहतं.

मग व्हाइट बॅलन्स, आणि शीर्षकातली गोष्ट.

तू लिहिलंस की महाराज आले की सोनीत त्यांच्या पांढऱ्या धोतरावर झूम करून कस्टम व्हाइट बॅलन्स घेतोस. कल्पना चांगली, पण धोतर पांढरं नाही. त्याला नीळ दिलेली आहे. नीळ देतात ती मुळात पिवळेपणा झाकायला, म्हणजे कापडात मुद्दाम निळा मिसळलेला असतो. शिवाय आजकालच्या धुण्याच्या पावडरींत असं रसायन असतं जे डोळ्याला न दिसणारी अतिनील किरणं शोषून निळा उजेड परत फेकतं. उन्हात धोतर चमकतं ते त्यामुळे. कॅमेऱ्याला सांगितलंस की हेच पांढरं, तर तो म्हणतो, बरं, इथे निळा जास्त झालाय, आणि सगळ्या चित्रात पिवळा ओततो. धोतर पांढरं होतं, महाराज पिवळे होतात. तुझ्या सोनीतली कावीळ बहुधा हीच आहे. झेरॉक्सच्या कागदातही तसलंच रसायन असतं, त्यामुळे लग्नात सगळे करतात तसं कोरा कागद धरूनही भागत नाही.

18 टक्क्यांचं ग्रे कार्ड घे. फार महाग नसतं, पण उन्हात टाकून ठेवू नको आणि हळदीच्या हाताने धरू देऊ नको. कीर्तनाच्या आधी, सगळे लाइट लावून दहा मिनिटं झाल्यावर, महाराज जिथे उभे राहणार तिथे एका पोराला कार्ड घेऊन उभं कर. चेहऱ्याच्या उंचीवर, तुझ्या लाइटकडे तोंड करून. तिन्ही कॅमेऱ्यांनी त्याच जागच्या त्याच कार्डावर झूम करून कस्टम घ्यायचं. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी कार्ड त्याच्याकडे वळवत बसू नको. तसं केलंस तर बाजूचा कॅमेरा बाजूच्या उजेडाला पांढरं मानेल आणि समोरच्याशी त्याचं नातं तुटेल.

"मग मी सगळ्यांत व्हाइट बॅलन्स 5600 केल्विन टाकलं तर?" हे तू पुढे विचारणारच. नाही जुळणार. एका कंपनीचं 5600 दुसरीच्या 5600 सारखं नसतं, आणि केल्विनचा आकडा फक्त निळं-पिवळं सांगतो. हिरवं-गुलाबी हा वेगळाच अक्ष आहे, आणि एलईडीखाली खरी मारामारी त्याच अक्षावर असते. तुझ्या कॅननचा गुलाबी तिथलाच.

हरिपाठाचं काय? तो सहाच्या सुमारास सुरू होतो. सुरुवातीला ऊन, शेवटाला एलईडी. मी अशा वेळी तिन्ही कॅमेरे रात्रीच्या लाइटवरच बांधून ठेवतो. सुरुवातीला चित्र निळसर दिसतं, हळूहळू जागेवर येतं. लोकांना ते चालतं. तिन्ही कॅमेरे मिळून निळे झाले तर ती संध्याकाळ वाटते, एकटा झाला तर बिघाड वाटतो.

रंगाच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यातल्या कितीतरी रंगाच्या नसतातच, एक्स्पोजरच्या असतात. कातडी जास्त उजळली की तिचा रंग धुऊन जातो, कमी उजळली की ती विटकरी आणि जड होते. फोनमधले तुझे पांढरेफटक महाराज हेच आहेत. ग्रे कार्ड पोराच्या हातात आहेच, तोवर वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड 0 ते 100 मध्ये दाखवणारा आलेख) बघ. तिन्ही कॅमेऱ्यांत ते कार्ड 40 ते 45 च्या मध्ये एकाच उंचीवर आलं पाहिजे. वेव्हफॉर्म नसेल तर सोनीतल्या झेब्र्याने (ठरवलेल्या उजेडावर पट्टे दाखवणारी सोय) काम भागव. पुस्तकांत कातडीला 70 लिहिलेलं असतं, ते गोऱ्या लोकांच्या हिशेबाने. आपल्याकडे शेतात रापलेल्या चेहऱ्याला मी 55 ते 60 धरतो. आणि मोजमाप गालावर. कपाळावर अष्टगंध आणि बुक्का असतो, शिवाय वैशाखात रात्री नऊलाही घाम, त्यामुळे कपाळ काहीही सांगतं.

आता तुझ्या तीन कॅमेऱ्यांचं घर कसं चालवायचं ते सांगतो. जुना कॅनन म्हणजे घरातले आजोबा. ते बदलणार नाहीत, बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. तू उलटं केलंस, सोनीला प्रमाण धरून कॅननला ओढत बसलास. कॅननमध्ये ओढायला जागाच नाही. आठ बिटांचं चित्र, प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या, ओढलंस की भिंतीवर पट्टे पडतात. सोनीत दहा बिट आहेत, 1024 पायऱ्या, शिवाय मेनूत पन्नास किल्ल्या. तो वाकेल.

कॅननला पिक्चर स्टाइल न्यूट्रल दे, कॉन्ट्रास्ट दोन घरं खाली, शार्पनेस कमीत कमी. त्याच्यात कलर टोन नावाची एक पट्टी असते, उणे केली की कातडी लालसर, अधिक केली की पिवळसर होते. तुझ्या गुलाबीसाठी तिला एक घर अधिककडे सरकवून बघ. एवढ्याने भागलं नाही तर व्हाइट बॅलन्स शिफ्टच्या चौकोनात एक घर हिरव्याकडे. एकच. मग कॅननला हात लावायचा नाही.

सोनीत लाइव्हसाठी एस-लॉग वापरू नको. लॉग हे रेकॉर्ड करून घरी रंगवायला असतं. थेट दाखवलंस तर धुक्यात कीर्तन चाललंय असं दिसतं, आणि रूपांतर करणारं यंत्र तुझ्या साखळीत नाही. पिक्चर प्रोफाइलमध्ये गॅमा आणि कलर मोड दोन्ही आयटीयू 709 चे घे. एस-सिनेटोन हा सोनीचाच दुसरा रंगढंग सुंदर आहे हे मान्य, पण त्याची कातडीची चव वेगळी आहे आणि आजोबांना ती जमणार नाही. मग सॅच्युरेशन कॅननइतकं येईपर्यंत हलव. शेवटी कलर डेप्थमध्ये लाल आणि पिवळा एकेक घर गडद-फिका करून बघ, दोन्ही कॅमेरे एकाच माणसावर रोखून. हे घरी कर. अंगणात वडिलांना खुर्चीवर बसव, तेच दोन लाइट लाव, एक दुपार घालव, आकडे वहीत लिहून ठेव. मंडपात ऐनवेळी हे होत नाही.

शार्पनेस मुद्दाम कमी करायला सांगितला. एक चित्र टोकदार, दुसरं मऊ असलं तर लोकांना नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, ते म्हणतात "कलर वेगळा दिसतो". फोन या बाबतीत सर्वांत वाईट. त्याच्यात एचडीआर बंद कर, ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप घे, त्यात शटर, केल्विन, टिंट (हिरवं-गुलाबी) सगळं बांधता येतं. तरीही फोनला महाराजांचा चेहरा मोठा दाखवू देऊ नको. त्याने गर्दी दाखवावी, दिंडी दाखवावी, लांबून मंडप दाखवावा. लांबच्या चित्रात चेहरा चण्याएवढा असतो, तिथे रंगाचं सगळं माफ असतं.

केबलमधली एक गोष्ट, रंगाला हात लावायच्या आधी बघायची. एचडीएमआयवर काही उपकरणं काळा-पांढरा 0 ते 255 मध्ये पाठवतात, काही 16 ते 235 मध्ये. कॅमेरा एक पाठवतो आणि स्विचर (कॅमेरे बदलायचं यंत्र) दुसरं समजतो तेव्हा काळे केस राखाडी दिसतात किंवा सगळा अंधार एकजीव काळा होतो. मग तू कॉन्ट्रास्ट फिरवत बसतोस, आणि चूक मेनूतल्या एका ओळीत असते. ज्या ज्या उपकरणात ही ओळ सापडेल तिथे लिमिटेड, म्हणजे 16 ते 235, ठेव.

जुळलं की नाही हे बघायचं कसं? लॅपटॉपच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नको, आणि स्वतःच्या डोळ्यावर तर मुळीच नको. दहा मिनिटं पिवळं बघितलं की मेंदू त्यालाच पांढरं म्हणायला लागतो. म्हणून व्हेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातला रंग कोणत्या दिशेला आणि किती आहे ते दाखवणारा गोल आलेख. लॅपटॉपवर ओबीएस (लाइव्ह दाखवायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यासाठी स्कोपचं प्लगइन मिळतं. व्हेक्टरस्कोपवर वर डावीकडे जाणारी एक रेषा असते. माणूस गोरा असो की सावळा, कातडीचा रंग त्या रेषेच्या आसपासच पडतो, फक्त उजेड आणि गडदपणा बदलतो. तिन्ही कॅमेऱ्यांचे गाल त्या रेषेच्या एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर आले की झालं. रेषेवर तंतोतंत बसलेच पाहिजेत असं नाही, एकमेकांशी बसले पाहिजेत. त्यानंतर एक गावठी परीक्षा: पाच मिनिटं बाहेर जाऊन अंधारात उभा राहा, परत ये, आणि त्याच चेहऱ्यावर तिन्ही कॅमेरे पटापट कट कर. जो कट डोळ्यात टोचतो तो कॅमेरा चुकलाय.

टीव्हीच्या थेट प्रक्षेपणाच्या मोठ्या ओबी व्हॅनमध्ये याच कामाला वेगळा माणूस बसवलेला असतो. कॅमेरामनच्या हातात झूम आणि फोकस, बाकी ॲपर्चर, काळ्याची पातळी, लाल-निळ्याचा तोल हे सगळं आत बसलेला माणूस कार्यक्रमभर हलक्या हाताने फिरवत असतो. कॅमेरेही सगळे एका जातीचे. तुझ्याकडे व्हॅन नाही, पण एक पोरगा आहे जो मंडपात नुसता केबल गुंडाळत फिरतो. त्याला स्कोपसमोर बसव आणि सांग, तुला फक्त गाल बघायचे. एका सप्ताहात तो तयार होईल.

रेकॉर्डिंगवर नंतर काम करायचं असेल तर थोडक्यात सांगतो, कारण वर सांगितलेलं केलंस तर उरतं थोडंच. कार्ड धरलेला शॉट प्रत्येक कॅमेऱ्यावर, रोजच्या सुरुवातीला, रेकॉर्ड करून ठेव. 24 रंगांच्या चौकोनांचा तक्ता, म्हणजे चेकर, असेल तर तोही. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा एक ग्रुप कर, म्हणजे एका कॅमेऱ्याचा सुधार सगळ्या शॉटना एकदम लागतो. आधी कॅननचा एक चांगला शॉट पक्का कर, त्याचा स्टिल घे, मग सोनीचा त्याच क्षणाचा शॉट वाइप लावून शेजारी ठेव. परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) आधी काळे जुळव, मग पांढरे, मग मधले. सॅच्युरेशन सर्वांत शेवटी. चेकरवरून आपोआप जुळवायची सोय त्यात आहे, ती चांगली सुरुवात देते, शेवट देत नाही. पताकांचा भगवा फारच वेगळा पडला तर ह्यू-व्हर्सेस-ह्यूच्या रेषेत तेवढाच नारिंगी पकडून हलव, पण कातडीचा रंग तिथून फार लांब नसतो हे ध्यानात ठेव. मी एकदा पताका जुळवताना सगळ्या टाळकऱ्यांचे ओठ बदलून टाकले होते.

आणि पुढच्या वर्षी कॅमेरा घेणार असशील तर माझं ऐक. एक नवा भारीतला घेण्यापेक्षा एकाच मॉडेलचे दोन जुने घे. त्यांच्यातही किंचित फरक असतो, पण तो शिफ्टच्या एका घरात मिटतो. मी 2011 मध्ये दोन सारखे सेकंडहँड कॅमेरे घेतले तेव्हा धंद्यातले लोक हसले होते. त्या दोघांनी मला नऊ वर्षं पोसलं.

तुझ्या पत्रात सप्ताह पुढच्या एकादशीला संपतोय आणि काला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आहे. त्या दिवशी रात्रीचे आकडे विसर. आदल्या रात्री कीर्तन आटोपलं की मंडपवाल्याला गाठून स्टेजवरचं रंगीत कापड काढून घे, डावी बाजू उघडी असेल तर तिथे पांढरा पडदा सोडायला लाव. सकाळी साडेनऊला, ऊन मंडपावर आल्यावर, नवीन कार्ड शॉट घे. अकराच्या सुमारास ऊन वर चढलं की एकदा स्कोप बघ. आणि दहीहंडी फुटेल तेव्हा फोन जवळ नेऊ नको, दही आणि लाह्या लेन्सवर उडतात.